टाचेमागची शीर

केव्हिन ड्युरँटची टाचेमागची शीर तुटली तेव्हा माझ्या तोंडात साबुदाणा वडा होता. १० जून २०१९, सोमवार, म्हणजे बायकोच्या ताईंचा उपास, म्हणजे घरात सगळ्यांना साबुदाणा. मिसिसागाला साडूंच्या बेसमेंटमध्ये आम्ही दोघं समोरासमोरच्या सोफ्यांवर बसलो होतो. टीव्ही बघायला दोघांनाही मान वाकडी करावी लागत होती, पण एका सोफ्यावर बसणं दोघांनाही मंजूर नव्हतं. एनबीए फायनलचा पाचवा सामना, साडूंचे टोरांटो रॅप्टर्स विरुद्ध माझे गोल्डन स्टेट वॉरियर्स. महिनाभर पोटरी दुखावून बसलेला आमचा ड्युरँट त्या दिवशी परतला होता. बारा मिनिटांत अकरा गुण काढून झाले, आणि चेंडू या हातातून त्या हातात घेताघेता तो एकदम थांबला, खाली बसला आणि पोटरी चाचपू लागला.

टोरांटोच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, हे जगाने पाहिलं. आमच्या साडूंचा उजवा हात वर गेला, हे फक्त मी पाहिलं. मग काइल लाउरी, सर्ज इबाका, डॅनी ग्रीन हे त्यांचेच खेळाडू प्रेक्षकांना 'गप्प बसा' म्हणून खुणावू लागले. साडूंचा हात वरच्या वर थबकला आणि त्याने डोकं खाजवायचं काम पत्करलं.

मला ड्युरँटबद्दल वाईट वाटलं. पण ते नंतर. खरं सांगायचं तर आधी वाटलं ते समाधान: हा वर गेलेला हात आता मला जन्मभर पुरेल.

साडू म्हणजे काय हे ज्यांना साडू आहे त्यांना सांगायला नको. ते थोरले जावई, मी धाकटा. सासुरवाडीला हापूसची पेटी फुटली की पहिली फोड त्यांच्या ताटलीत, आणि माझ्या ताटलीत "तुम्हाला बाठा आवडतो ना?" या प्रश्नासह बाठा. पंचवीस वर्षं मी बाठा चोखतो आहे. अशा माणसाला २०१५ साली एकाएकी गोल्डन स्टेट वॉरियर्स सापडले तर त्याचं काय चुकलं? मी फ्रीमाँटला १९९९ पासून राहतो आणि "आमची टीम" १९९९ पासूनच माझी आहे असं सांगतो. २०१५च्या आधीच्या सोळा वर्षांतल्या एकाही खेळाडूचं नाव मला सांगता येत नाही, हे बायकोला माहीत आहे. ती चारचौघांत बोलत नाही, एवढे तिचे उपकार.

साडूंचं तसं नाही. रॅप्टर्स १९९५ साली जन्माला आले तेव्हापासून ते त्यांचे. व्हिन्स कार्टरचा २००१ सालचा शेवटचा हुकलेला शॉट त्यांनी पाहिला, लेब्रॉनने लागोपाठ तीन वर्षं घरी पाठवलेलं सोसलं. हरण्याचा एवढा अनुभव असलेल्या माणसाशी वाद घालणं कठीण. शिवाय कोंडी झाली की ते इतिहासात शिरतात. बास्केटबॉल शोधणारा नेस्मिथ मूळचा कॅनडाचा. आज ज्याला एनबीए म्हणतात तिचा पहिला सामना १९४६ साली झाला तो टोरांटोत. एकदा मी शिवाजी पार्कचं नाव काढलं, पण ते काही चाललं नाही.

त्यांच्या बेसमेंटमध्ये नातवाचा पांढरा फळा आहे. त्यावर त्यांनी एबीसीडीच्या खाली आमच्या विजयांचा पंचनामा मांडून ठेवला होता. २०१५: केव्हिन लव्हचा खांदा, कायरी अर्विंगची गुडघ्याची वाटी. २०१७: कवाय लेनर्डचा घोटा, तोही आमच्या पाचुलियाच्या पायावर पडून मुरगळलेला. २०१८: क्रिस पॉलची मांडी. "एवढे अवयव एकत्र केले," साडू म्हणाले, "तर एक अख्खा माणूस उभा राहील, आणि तुम्हाला एकटा हरवेल."

मी म्हणालो, जखमा हा खेळाचाच भाग आहे.

"मग २०१६चं काय?"

२०१६चं वेगळं आहे. त्या वर्षी आम्ही त्र्याहत्तर सामने जिंकले, फायनलला तीन-एकने पुढे होतो, आणि तिथून हरलो ते बोगटचा गुडघा गेल्यामुळे आणि आमच्या ड्रेमंड ग्रीनवर एका सामन्याची बंदी आल्यामुळे. यालाच अन्याय म्हणतात.

तो पाचवा सामना आम्ही एका गुणाने जिंकलो, पण बेसमेंटमध्ये कोणी ओरडलं नाही. तीन दिवसांनी सहावा सामना ओकलंडला. मी घरी परतलो होतो. अठ्ठावीस गुण काढून बसलेला क्ले थॉम्प्सन डंक करायला उडाला, वेडावाकडा उतरला आणि गुडघा धरून पडला. त्याला आत न्यायला लागले. जाता जाता तो वळला. फ्री थ्रो घेतले नाहीत तर खेळाला परत येता येणार नाही, हे त्याला कळलं असावं. तो स्वतःच्या पायाने कोर्टवर आला, दोन्ही टाकले, आणि गेला. डाव्या गुडघ्यातला लिगामेंट त्या वेळी फाटलेला होता. आम्ही ११४-११० असे हरलो. टोरांटोचा पहिला चषक.

मी साडूंना फोन लावून अभिनंदनाचं एक वाक्य बोललो आणि दुसऱ्या वाक्यात म्हणालो, "ड्युरँट आणि क्ले असते तर—"

पलीकडून एकच शब्द आला. "विश्वासराव!"

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. अमेरिकन माणसाला वाटतं, 'अमका जखमी झाला नसता तर' हा वाद त्याने शोधला. आम्ही तो १७६१ पासून घालतो आहोत. १४ जानेवारी, दुपारची वेळ, विश्वासरावांना गोळी लागते, भाऊ अंबारीतून उतरून घोड्यावर बसतात, अंबारी रिकामी दिसते, आणि पुढचं सगळ्यांना पाठ आहे. आमच्या वाड्याच्या ओट्यावर आजोबा आणि शेजारचे जोशी मास्तर ही गोळी रोज संध्याकाळी चुकवायचे. आजोबांची गोळी कानाजवळून जायची, मास्तरांची मुळात उडायचीच नाही, कारण त्यांच्या मते दारू दमट होती. नारळीकरांनी तर 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये ती गोळी शास्त्रशुद्ध चुकवून दाखवली, तेव्हा आजोबांनी मासिक मास्तरांच्या मांडीवर आपटलं. वाद मात्र मिटला नाही. मास्तरांचं म्हणणं होतं की गोळी राहू द्या, सैन्य उपाशी होतं त्याचं काय? रसद तुटलेली, बरोबर बायकापोरं आणि यात्रेकरू, सूरजमल जाट आधीच निघून गेलेला. एक माणूस पडला की कोसळावी अशीच ती फौज झाली होती. आजोबा यावर नेहमी एकच उत्तर द्यायचे: "तुम्ही मूळचे कुठले हो?"

साडूंनी फोनवर नेमकी मास्तरांची बाजू घेतली. म्हणाले, "तुमचे दोन पडले आणि तुमच्याकडे तिसरा नव्हता. आमचा व्हॅनव्हलीट बघा, बाकावरून उठून आला आणि बावीस काढून गेला. याला रसद म्हणतात." मी चिडून कवाय लेनर्डवर घसरलो. ब्याऐंशीपैकी साठ सामने खेळायचे, बाकी 'लोड मॅनेजमेंट' म्हणून बसून राहायचं आणि पगार पूर्ण घ्यायचा! "असा जावई मीही झालो असतो," मी म्हणालो. साडू म्हणाले, "म्हणजे आत्ता काय आहात?"

पुढच्याच महिन्यात कवाय त्यांना सोडून गेला. ड्युरँट आम्हाला सोडून गेला. क्लेचा गुडघा बरा होत आला आणि नोव्हेंबर २०२०मध्ये त्याच्या दुसऱ्या पायाची टाचेमागची शीर तुटली. त्या दिवशी साडूंचा फोन आला, पण फळ्यावरचं काही ते बोलले नाहीत.

आणि मग २०२१च्या गणपतीत माझी तुटली. मंडळाच्या मिरवणुकीची लेझीम, एका शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये तालीम, मी पहिल्या रांगेत, कारण मला शाळेत लेझीम येत होती असं मीच सांगितलं होतं. खाली वाकून उडी घ्यायची होती. मागून कोणीतरी सणसणीत लाथ मारली. मी वळून मागच्या बाईंकडे जळजळीत पाहिलं, त्या बिचाऱ्या दहा फुटांवर ढोलाची दोरी आवळत होत्या. ही शीर तुटली की प्रत्येकाला मागून लाथ बसल्यासारखंच वाटतं, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं.

साडूंना मी सांगितलं, बास्केटबॉल खेळताना झालं. ड्राइव्हवेवर. लेअप टाकताना.

गुडघ्यापर्यंत काळा बूट, दोन कुबड्या आणि दिवसभर सोफा. पाण्याचा ग्लास हातभर लांब असला तरी तो दुसऱ्या कोणाच्या तरी मर्जीत असतो. तिथे पडल्यापडल्या मला २०१८ आठवलं. क्रिस पॉलच्या मांडीचा स्नायू दुखावला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने "बरं झालं" म्हणालो होतो. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता, दूध पीत होता. "पण बाबा, त्याला दुखलं ना?" त्याने विचारलं होतं. मी त्याला प्लेऑफची गुंतागुंत समजावून सांगितली होती. चांगली दहा मिनिटं.

साडू रोज रात्री व्हिडिओ कॉल करायचे आणि विचारायचे, "आज कुठल्या हाताने लेअप?" मी सांगायचो, डाव्या. लेझीमची गोष्ट बायकोने ताईंना त्याच दिवशी कळवली होती, हे मला डिसेंबरात कळलं. तोवर ते तीन महिने माझा लेअप सांभाळत होते.

९ जानेवारी २०२२ला क्ले परतला. ९४१ दिवसांनी. साडूंकडे रात्र झाली होती, तरी ते फोनवर होते, तिकडे त्यांचा टीव्ही आणि इकडे माझा, मधे एक-दोन सेकंदांचं अंतर. दुसऱ्या क्वार्टरमध्ये क्ले क्लीव्हलंडच्या गर्दीत घुसला आणि त्याने चेंडू वरून खाली कोंबला. मला आधी साडूंची आरोळी ऐकू आली, डंक नंतर दिसला.

मग त्यांनी घसा साफ केला. "पावलं जास्त झाली. ट्रॅव्हल होतं ते."

"काहीतरीच! कुठून दिसलं तुम्हाला?"

"तुम्ही उभे आहात काय हो?"

मी खाली पाहिलं. कुबड्या सोफ्याला टेकून होत्या.

"हो."

"बसा आता," साडू म्हणाले. "लोड मॅनेजमेंट."