सोफ्यातल्या बिऱ्हाडकरूस अनावृत पत्र

रा. रा. ढेकूणराव यांसी,
मु. पो. सोफ्याची डावी शिवण, खामगाव, जि. बुलढाणा.

स. न. वि. वि.

महिनाभर आम्ही तुमचं श्रेय डासांना देत होतो, त्याबद्दल क्षमस्व. सकाळी दंडावर ओळीनं तीन गांधी उठायच्या. मावशी म्हणाल्या, पित्त आहे, धन्याचं पाणी घे. घेतलं. (चिरडल्यावर तुमचा वासही काहीसा हिरव्या धन्यासारखाच येतो, हे नंतर कळलं. तेव्हापासून पोह्यांवर कोथिंबीर बंद आहे.) सौभाग्यवतींच्या अंगावर मात्र एक पुळी नाही. चावता तुम्ही दोघांनाही, पण काहींच्या कातडीवर खूणच उठत नाही. हे उमगेपर्यंत घरात बरंच काही बोलून झालं होतं.

शेवटी तुमच्या शाईनंच तुम्हाला पकडून दिलं. गादीच्या शिवणीत बॉलपेन गळाल्यासारखे काळे ठिपके, शेजारी फिकट पिवळ्या काती, आणि आत मसुराच्या दाण्याएवढे तांबूस आपण. मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकता आणि प्रत्येक कातीआधी आमचं रक्त पिता. शाळेच्या फीसुद्धा इतक्या नियमानं भरल्या जात नाहीत.

तुमचं घराणं जुनं, हे मान्य. पंचतंत्रात राजाच्या पलंगावर तुम्ही चावून पसार झालात आणि मेली बिचारी ऊ. विष्णू समुद्रात नि शंकर हिमालयात झोपतात ते तुमच्याच धास्तीनं, असं एका संस्कृत कवीनं लिहून ठेवलंय. १९५३ पासून मलेरियासाठी घरोघरी डीडीटी फवारली, तीही तुम्ही पचवलीत. २०२३ साली तर पॅरिसमध्ये तुमच्यापायी सरकारला बैठका घ्याव्या लागल्या. आमच्याकडे बैठक कसली? शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळाले तेव्हा पथकं आली, नमुने नेले. तुम्ही रोग पसरवल्याचा पुरावा नाही, म्हणून तुमची दखल नाही. आणि तक्रार करणार कोण? ढेकूण म्हटलं की घर घाणेरडं, असा निकाल आधीच लागलेला. खरं तर तुम्ही एसटीतून, जत्रेच्या पिशवीतून, जुन्या फर्निचरातून कुणाच्याही घरी येता.

आमचीही चूक झाली. मे महिना, पारा ४४ वर, म्हणून गादी गच्चीवर टाकली. वरून ती तापली. तुम्ही खालच्या अंगाला सावलीत पडून राहिलात. तुम्हाला नि तुमच्या अंड्यांना पन्नासेक अंश लागतात, तेही पार आतपर्यंत. आजी बाज अंगणात आपटायची आणि सांध्यांत उकळतं पाणी ओतायची. तिचं गणित बरोबर होतं. आमचा दिवाण प्लायवूडचा. उकळतं पाणी ओतलं तर तुमच्याआधी तोच फुगेल.

एक नातेवाईक कपाशीवरचं औषध घेऊन निघाले होते, दुसऱ्यांनी धान्यातली गोळी सुचवली. त्या गोळीतून निघणाऱ्या फॉस्फीन वायूनं घरात झोपलेली माणसं गेली आहेत. दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं.

तरी नोटीस अशी: रविवारी थोरलीला बघायला मेहकरचे पाहुणे येताहेत. बसणार याच सोफ्यावर. त्यांनी खाजवायला सुरुवात केली तर साक्षगंध तुमच्या नावावर मोडेल. म्हणून चादरी-अभ्रे उकळत्या पाण्यातून काढले आहेत, शिवणींवर वाफेची इस्त्री फिरतेय, भिंतीच्या भेगांत पुट्टी भरलीय. दिवाण भिंतीपासून हात-दीड हात लांब, पाय पाण्याच्या वाट्यांत. उद्या पेस्ट कंट्रोलवाला येतोय, आणि अंडी मागे राहतात म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा. आम्ही दुसऱ्या खोलीत झोपायला जाणार नाही; तुम्ही मागोमाग याल.

आपला नियमित रक्तदाता.

ता. क. शेजारच्या वहिनींना काल हे सगळं धीर करून सांगितलं. त्यांनी आधी जिन्यात कोणी नाही ना ते पाहिलं, मग हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे दिवाळीपासून आहेत."