खर्जाची खोली

काही घरांत उकडा भात शिजतो, काही घरांत उकडांबा मुरतो. आमच्या घरात वर्षातून दोनदा तारा उकळतात. बेस गिटारच्या चार तारा, वेटोळं करून, पोचे आलेल्या एका जुन्या टोपात. दहा मिनिटं खळखळू द्यायच्या, पंच्यात गुंडाळून लख्ख पुसायच्या, पंख्याखाली पुरत्या सुकवायच्या आणि परत चढवायच्या. जाड तारेच्या गाभ्याभोवती दुसरी बारीक तार आवळून गुंडाळलेली असते. तिच्या फटींत घाम साचतो, बोटांचा तेलकटपणा साचतो, आणि वरून खारी हवा. समुद्र आमच्या ओरोसपासून तसा लांब, पण हे हवेला कोणी सांगितलेलं नाही. उकळल्यावर हा सगळा मळ सुटतो आणि म्हाताऱ्या तारेला दोन-तीन आठवड्यांचं तारुण्य लाभतं. ययातीला पुष्कळ अधिक मिळालं होतं, पण त्याला ते मुलाकडे मागावं लागलं. मला फक्त आईकडे टोप मागावा लागतो. नवा संच घ्यायचा तर हजार-दोन हजारांना फोडणी, त्यामानानं टोप स्वस्त.

पहिल्यांदा हा प्रकार केला तेव्हा आई मागून येऊन बराच वेळ टोपात बघत राहिली. वाफेखाली ती राखाडी वेटोळी हलत होती. मग म्हणाली, “शिरवाळे दिसतत. रस खंय आसा?” तांदळाचे शिरवाळे आणि नारळाचा गोड रस ही आमच्याकडची सणासुदीची जोडी. तेव्हापासून तारा उकळायच्या दिवशी ती मला रसाबद्दल विचारते, आणि मी “आज उपास” म्हणतो.

डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या शेकडो गाण्यांमागे वाजलेला बेसवाला जेम्स जेमरसन तार तुटल्याशिवाय बदलत नसे म्हणतात. त्याच्या तारा गुळगुळीत फितीनं गुंडाळलेल्या, मुळातच मऊ आवाजाच्या, आणि वाजवणार फक्त उजव्या हाताच्या तर्जनीनं. त्या बोटाला लोकांनी ‘आकडा’ असं नाव पाडलं होतं. कितीतरी वर्षं तबकड्यांवर त्याचं नाव छापलं गेलं नाही. मळक्या तारांचा मला हेवा वाटतो, पण डेट्रॉइटला कोकणातला आषाढ नसतो. इथं तार पुसायचा आळस केलात, तर श्रावणापर्यंत ती गंजून बोटांना सुपारीच्या कात्रीसारखी लागते. माझ्या गिटारच्या पेटीत एक जुनी सुती बनियन कायमची राहायला आहे, आणि बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या. वाजवून झालं की बनियन फिरवायची. एवढं केलं की टोप वर्षातून दोनदाच लागतो.

ही गिटार मी घेतली म्हापशाला, शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी, जहाजांवर वाजवून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडून. वय माझं तेव्हा सेहेचाळीस, म्हणजे शहाणी माणसं गुडघ्यांकडे लक्ष देऊ लागतात ते. त्यांनी वाजवून दाखवण्याआधी गिटार डोळ्याजवळ धरायला लावली आणि सुतार रिपेचं सूत बघतो तशी मान टोकापासून बघायला सांगितली. मग पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, एकाच वेळी तार दाबली. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट राहायला हवी. राहिली. अजिबात नसती तर मान मागे वाकलेली. लग्नपत्रिका पाकिटासकट आत गेली असती तर पुढे. थोडाफार बाक असला, तर मानेत एक लोखंडी सळई असते, ती ॲलन चावीनं पाव वळसा फिरवायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. लाकूड सरकारी फाइलीसारखं असतं, ढकललं की लगेच हलत नाही. बटणं फिरवताना खरखर आली म्हणून सौदा मोडू नये, ती चिमूटभर खर्चात जाते. पिळवटलेली मान मात्र फुकटसुद्धा घेऊ नये. “पाच तारांची बघू का?” मी विचारलं. ते म्हणाले, “चार तरी कुठं लागतात?” परतताना एका पिशवीत गोव्याचे चोरीस (मसालेदार सॉसेज) होते, दुसऱ्या हातात गिटार, पेटीच्या अस्तराला पुढं वर्षभर व्हिनेगरचा आणि मसाल्याचा वास होता. तो गेला तेव्हा मला जरा ओकंबोकं वाटलं.

शेजारच्या अण्णांनी गिटार पाहिली, तारा मोजल्या आणि निष्कर्ष काढला, “दोन तारो कमी आसत. मगे स्वस्तात गावली आसतली.” त्यांना काय सांगणार? लिओ फेंडर नावाच्या माणसानं १९५१ साली हे वाद्य बाजारात आणलं तेव्हा भल्याभल्यांना ते असंच अर्धवट वाटलं असणार. हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा. स्वतः त्याला गिटार वाजवता येत नव्हती. त्याआधी खर्ज वाजवायचा तर माणसाएवढा उंच डबल बेस पाठुंगळी घ्यावा लागे, आणि त्यावर सूर नेमका कुठं आहे हे देव आणि बोट यांनाच ठाऊक. फेंडरनं मानेवर फ्रेट बसवले, सूर नेमका लागू लागला, म्हणून त्यानं नावच ठेवलं प्रिसिजन बेस. तारेची वाजती लांबी ३४ इंच, वजन चार किलोच्या आसपास. तेव्हा बाकी काही घ्या न घ्या, खांद्याचा पट्टा रुंद घ्या. अरुंद पट्ट्यावर दोन तास वाजवलं की डाव्या खांद्याला काय वाटतं, ते लग्नात दोन्ही घागरी एकाच बाजूनं वाहिलेल्या माणसालाच कळेल.

ओरोसात बेस वाजवणं म्हणजे काय, हे ओरोस पाहिल्याशिवाय समजायचं नाही. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, आणि जिल्ह्याचं मुख्यालय इथं आलं. दिवसा सगळा जिल्हा दाखले आणि उतारे हातात घेऊन इथं येतो. संध्याकाळी सहानंतर कुडाळ-कणकवलीच्या गाड्या भरून जातात आणि रस्त्यावर दिव्यांचे खांब तेवढे उरतात. पर्यटक मालवणला जाताना आम्हाला ओलांडतात. आमच्या स्टेशनातून जाणाऱ्या एका गाडीला केशवसुतांच्या कवितेवरून तुतारी एक्स्प्रेस नाव दिलं आहे. तुतारीचं नाव गाडीला शोभतंच. खर्जाच्या नावानं कोणी गाडी सोडेल असं वाटत नाही, सोडलीच तर ती मालगाडी असेल.

अशा रिकाम्या संध्याकाळींतून आमचा चौघांचा वाद्यवृंद जन्मला. कीबोर्डला एक गुरुजी, ड्रमला हिशेब खात्यातले एक गृहस्थ, गाणारा एक, आणि मी. पहिल्या गणपतीत मी हौसेनं गुरुजींच्या घरचा छोटा गिटार-अ‍ॅम्प घेतला, त्यात बेस जोडली आणि आवाज वाढवत नेला. तिसऱ्या गाण्याला त्याच्या आठ इंची स्पीकरचा कागद पापडासारखा फुटला. गुरुजी काही बोलले नाहीत. गुरुजी काही बोलत नाहीत तेव्हा फार बोलतात. खालचा सूर काढायला स्पीकरला पुष्कळ हवा ढकलावी लागते. गिटारला जिथं तीस वॅट पुरतात तिथं बेसला शे-दोनशेही अपुरे पडतात. घरी सरावाला वीस-पंचवीस वॅटचा बेसचाच अ‍ॅम्प ठेवावा, आणि मांडवात उगाच छाती काढू नये. एक छोटी डी.आय. पेटी मिळते, तिच्यातून तार थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरला द्यावी. त्याला आधी चहा पाजावा. बेस किती ऐकू यावी हे विजेच्या नियमांपेक्षा त्या चहावर अधिक ठरतं, हे मी अनुभवानं सांगतो.

बेसवाल्याची ही कटकटच नको म्हणून जपानच्या रोलँड कंपनीनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाची चंदेरी पेटी काढली. एकट्या गिटारवाल्यानं घरी तिच्यावर खर्ज लावून ठेवावा आणि खुशाल वाजवावं, अशी कल्पना. तिचा आवाज बेससारखा येईना, वापरायला अवघड, १९८४ पर्यंत कंपनीनं नाद सोडला. पण १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी तिच्यावर चक्क राग वाजवले, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. हे गृहस्थ स्वतः सिनेमांच्या रेकॉर्डिंगमध्ये बेस वाजवणारे. ज्याला हटवायला यंत्र आणलं त्यानंच ते मांडीवर घेतलं. तबकडी तेव्हा कोणी फारशी विकत घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि अमेरिकेत याच पेटीवर ‘ॲसिड’ ठेका जन्मायच्या पाच वर्षं आधी हे झालं होतं म्हणून जग चकित झालं. त्या १९८२ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वर्षाचा होता. पाळण्यात खर्ज ऐकत होता असं म्हणायला मला आवडेल, पण तसा पुरावा दप्तरी नाही.

आता खर्जाच्या त्या खोलीविषयी. मी सराव करतो ती खोली तेरा फूट लांब आहे. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात, आणि हवेतली तिची एक लाट भरते सत्तावीस फूट. म्हणजे माझ्या खोलीत माझा सूर मावतच नाही. खाटेवर उंच पाहुणा झोपावा तसे त्याचे पाय बाहेर राहतात. त्याच तारेच्या पहिल्या फ्रेटवर एफ लागतो. त्याची अर्धी लाट बरोबर तेरा फुटांची. त्यामुळे हा एकच सूर खोलीत असा फिट्ट बसतो, की तो लागला रे लागला मांडणीवरची स्टीलची ताटं शिवशिवतात. गंमत पुढंच आहे. हा सूर भिंतींपाशी घुमतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. मी उभा असतो मधोमध. कित्येक दिवस मला वाटत होतं की माझा एफ दुबळा आहे, म्हणून मी तो अधिकाधिक जोरानं ठोकत होतो, आणि पलीकडच्या खोलीत भिंतीला लागून आईची खाट होती. कोणाच्याही घरी असा एखादा सूर असतोच. आधी तो शोधावा, मग अ‍ॅम्प कोपऱ्यातून हलवावा. नवा अ‍ॅम्प घेण्याआधी तर नक्कीच.

भिंतीपलीकडून ऐकणं मला नवं नाही. लहानपणी गावी जत्रेच्या रात्री दशावतार असे आणि माझी परीक्षा असे. या दोन्हींचं काहीतरी संगनमत होतं. मी अंथरुणात पडून असायचो. देऊळ दोन शेतं आणि एक व्हाळ ओलांडून. पेटीचे सूर वाटेतच सांडायचे, झांज माडांत अडकायची, संकासुराचे विनोद तर देवळाच्या पायऱ्याही उतरत नसत. माझ्यापर्यंत पोचायचा तो मृदंगाच्या डाव्या अंगाचा घुमारा तेवढा. त्यावरून मी आख्यान ओळखायचो: आता गणपती नाचतोय, आता युद्धाला तोंड लागलं, आता राजा एकटाच रानात आहे. सकाळी थोरला भाऊ यायचा आणि कथा वेगळीच निघायची. पण माझीही वाईट नसायची.

त्या घुमाऱ्याचं गुपित पुढं एका भजनी पखवाजवाल्यानं दाखवलं. डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या, आधी तो डाव्या पुडीवर भिजवलेल्या कणकेचा गोळा थापत होता. कणीक वाढवली की आवाज खाली, कमी केली की वर. एवढा घुमणारा नाद, पण लगेच तळहात ठेवून तो मिटवायचा. बेसमध्ये मला सगळ्यात उशिरा कळलं ते हेच. सूर कधी लावायचा हे ड्रमच्या पायानं ठरतं, त्या पायाबरोबर आपलं बोट पडलं पाहिजे. पण सूर कधी संपवायचा हे आपलं आपण ठरवायचं. डाव्या हाताची बोटं तारेवरून उचलायची नाहीत, नुसती सैल करायची, म्हणजे तार गप्प होते. वाजत नसलेल्या तारांवरही कुठला तरी हात टेकलेला हवा, नाहीतर त्या शेजाऱ्यांसारख्या न विचारता बोलू लागतात. मेट्रोनोम साठावर लावून एकच सूर, एक मात्रा वाजवायचा, एक मात्रा मिटवायचा. मी हे आठवडाभर केलं. घरचे म्हणाले, काहीतरी बिघडलंय का?

परवाच्या पावसात संध्याकाळीच वीज गेली. विजेवाचून बेस म्हणजे लाकडाची चार किलोची फळी. पण एक युक्ती आहे. गिटारचं डोकं, जिथं खुंट्या असतात ते टोक, लाकडी कपाटाला घट्ट टेकवायचं. कपाटच मग पोट होतं. आमच्या दोन खोल्यांमधली अर्धी भिंत म्हणजे आजोबांच्या वेळचं फणसाचं कपाट आहे. फणसाच्या लाकडाची दक्षिणेत वीणा करतात, मृदंगम करतात. आमच्याकडे त्यात गोधड्या आहेत. मी अंधारात डोकं टेकवून हळू वाजवत बसलो. आईला आता फार कमी ऐकू येतं. वयोमानानं आधी वरचे सूर जातात. बातम्या गेल्या, दारावरची बेल गेली, नातीचं बोलणं गेलं. कानातलं यंत्र डबीत असतं, कारण ते ‘फक्त खरखरता’. मी तिच्यासाठी वाजवत नव्हतो. वेळ जात नव्हता म्हणून वाजवत होतो.

मध्येच तिची हाक आली. बॅटरी घेऊन पलीकडे गेलो, तर ती खाटेवर कपाटाला पाठ लावून बसली होती, तळहात मागं लाकडावर ठेवून. म्हणाली, “ता अधीमधी थांबता कित्या?”

मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, “थंय थांबूचाच असता, आये. थंय ढोलवालो वाजयता.”

तिनं क्षणभर विचार केला. “मगे ढोलवालो खंय आसा?”

याला उत्तर नव्हतं. हिशेब खात्यातले गृहस्थ कुडाळला आपल्या घरी, तेही अंधारातच. मी परत येऊन गिटार टेकवली, तोच ठेका पुन्हा धरला, आणि थांबायची जागा आली तेव्हा थांबलो. पलीकडून कपाटावर बोटांचं टकटक आलं. आलं ते अर्ध्या मात्रेनं उशिरा, म्हणून पुढच्या वेळी मी जरा थांबून घेतलं.