मोरी ते पंढरपूर

मराठी कुटुंबाला रविवारी सकाळी सात वाजता घराबाहेर काढायचं तर लग्न तरी हवं, नाहीतर मिसळ तरी. पर्यावरणासाठी आमच्या घरात आजवर कुणी अंथरूण सोडल्याचं ऐकिवात नाही. म्हणून नदीकाठी जायचा बेत मी मिसळीच्या पोटात लपवून जाहीर केला, कडू औषध गुळातून देतात तसा.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. मुठा हाकेच्या अंतरावर, पण तिचं-आमचं नातं पुलावरून जाताना नाक दाबण्यापुरतं. नदीकाठच्या विठ्ठलवाडीला मात्र देऊळ आहे, म्हणून आई आली. आई आली म्हणून बायको आली, आणि मोबाइलचं चार्जिंग संपलं म्हणून चिरंजीवही आले. तिथं ‘जीवितनदी’ संस्थेची मंडळी नदीकिनारा दत्तक घ्या म्हणून लोकांच्या मागे लागलेली असतात. आईचा पहिला प्रश्न : “दत्तक? का, तिचं स्वतःचं कुणी नाही?” अख्खं पुणं जिच्या पाण्यावर जगतं, तिच्याबद्दलचा हा प्रश्न ऐकून दोन-तीन जणांनी चपला निरखल्या.

घाटावर पोचताच आईनं आठवड्याचं निर्माल्य बाहेर काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत, वर पक्की गाठ मारून. एक मुलगी धावत आली. “आजी, आमच्याकडे द्या, खत करतो.” देवाची फुलं कचऱ्यात जाणार, या कल्पनेनं आईचा चेहरा उतरला. शेवटी ते खत तुळशीला घालायचं, या अटीवर तह झाला. पिशवी मात्र तिनं परत मागून घेतली. चांगली होती म्हणे.

बायकोला तेवढ्यात पाण्यात पक्षी दिसले. काळे-पांढरे, लांबसडक गुलाबी पायांचे, नाचऱ्या चालीचे. ‘आमच्या नदीवरचे पाहुणे’ म्हणून फोटो स्टेटसला गेलासुद्धा. मग शेजारचे काका म्हणाले, “शेकाटे आहेत ते. घाण पाण्यातल्या किड्यांवर पोसतात. इतके जमले म्हणजे पाणी बिघडलंय असं समजा.” तोवर बदाम यायला लागले होते, त्यामुळे स्टेटस काही उतरलं नाही.

“बाबा, हा फेस कुणाचा?” चिरंजीवांनी पाण्याकडं बोट दाखवलं. मी खाकरलो. पण काकांनी सरळ नकाशाच पसरला. मुठा संगमाला मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढं रांजणगाव सांडसजवळ भीमेला, भीमा उजनी धरणात, आणि तिथून पंढरपूर. पंढरपुरात तिलाच चंद्रभागा म्हणतात, हे आईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचं बोट उजनीवर थांबलं.

“म्हणजे आपल्या मोरीतलं पाणी माझ्या विठोबाच्या दारात जातं?”

शुद्धीकरण केंद्रं आहेत, पण शहराचं सगळं मैलापाणी तिथवर पोचत नाही. साबणातल्या फॉस्फेटवर जलपर्णी माजते, असं काका सांगत होते. आईच्या कानात ते शिरलं नाही. तिला हवं ते कळलं होतं.

घरी येताच राजवट बदलली. फडताळातल्या रंगीबेरंगी बाटल्या ओळीनं उभ्या करून चिरंजीवांकडून मागची बारीक अक्षरं वाचून घेण्यात आली. ज्या नावाचा उच्चार त्याला जमला नाही, ती बाटली बाद. माझा शाम्पू पहिल्याच फेरीत गारद झाला. रिठे भिजू लागले, शिकेकाई आली. कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “आमच्या गावी हेच होतं की. तुमच्यातच तर ह्या बाटल्या बघितल्या.” तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतायला बंदी आली. ते बरणीत साठतं, आणि बरणीत उरलेलं तेल बघून आई पुन्हा भजी तळते. नदीसाठी माझं वजन वाढतंय.

गणपतीत तर कहर झाला. शाडूची मूर्ती आणायचं ठरलं होतं, पण मेहुण्यानं हौसेनं प्लॅस्टरची आणली. मग अमोनियम बायकार्बोनेट आणलं. प्लॅस्टरची मूर्ती त्यात विरघळते, आणि वरचं पाणी झाडांना खत म्हणून चालतं, ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं काढलेली युक्ती. बादलीत बाप्पांचं विसर्जन झालं आणि गॅलरीभर अमोनियाचा असा भपकारा सुटला, की सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी. ते विरहाचं होतं असं छातीठोक सांगता येणार नाही. मेहुणा पुढच्या वर्षी शाडूची आणणार आहे.

नदी वाचवायची म्हणून भाषणं, मोर्चे, पोस्टर सगळं मी ऐकलंय, पाहिलंय. घरातलं एक माणूस हलत नाही. तुम्ही पुण्यात राहत असाल तर एवढंच करा : नकाशा घ्या, घरातल्या आजींसमोर पसरा आणि पंढरपूर दाखवा. बाकीच्यांकडं त्या बघून घेतील.