डंपराव

हिंजवडीतल्या पीएचपीवाल्यांच्या कुठल्याही टीममध्ये एक तरी डंपराव असतातच. ओळखायची खूण सोपी. कोड अडला की बाकीचे वाचत बसतात. डंपराव मध्येच एका ओळीत 'इथे आला' असं छापायला लावतात आणि पान रीफ्रेश करतात. छापलं गेलं की दहा ओळी खाली 'इथेपण आला'. तिसऱ्या ठिकाणी काहीच उमटलं नाही की 'सापडला!' म्हणत चहाला उठतात. बग सापडलेला नसतो, त्याची गल्ली सापडलेली असते.

लाराव्हेलमधलं डीडी हे फंक्शन म्हणजे या जमातीचं कुलदैवत. व्हेरिएबलच्या पोटात काय आहे ते दाखवायचं आणि प्रोग्रामने तिथेच प्राण सोडायचा. पण डीडी जे ओकतं ते समोरच्या पानावर. मोबाइल अॅपला जेसन पाठवणाऱ्या एपीआयला, किंवा मागच्या मागे मेल धाडणाऱ्या जॉबला पान कुठून आणायचं?

शहाणी माणसं अशा वेळी एक्सडीबग लावतात. डेरिक रेथान्स यांचं हे साधन 2002 पासून आहे. प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून आत सावकाश डोकावता येतं. डंपरावांनीही एकदा लावून पाहिलं. वाचलेल्या जुन्या लेखात पोर्ट 9000 होता आणि नोव्हेंबर 2020 मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने तो 9003 केला होता. त्यात एडिटर लॅपटॉपवर, पीएचपी डॉकरमध्ये. दोघांची गाठ पडेना. दुपारभर डीबगरलाच डीबग करणं चाललं होतं. कशाने, ते सांगायला नको. 'इथे आला'ने.

असे नग अँटवर्पमध्येही असणार, कारण तिथल्या स्पाटी कंपनीने जानेवारी 2021 मध्ये 'रे' हे डेस्कटॉप अॅप बाजारात आणलं. इलेक्ट्रॉनवर बांधलेली ही एक वेगळी खिडकी. कोडमध्ये रे लिहून कंसात व्हेरिएबल टाकलं की माल एचटीटीपीने 23517 या पोर्टवर जातो आणि खिडकीत ओळीने मांडला जातो. पान जसंच्या तसं राहतं, प्रोग्रामही जिवंत. किती वेळ लागला ते मोजता येतं, नोंदींना रंग देता येतात. हुकूम केला तर खिडकीत कॉन्फेटीसुद्धा उडते!

डंपरावांनी रंगांची शिस्त लावली: हिरवा म्हणजे आला, लाल म्हणजे आला नाही. "जो आलाच नाही, तो लाल छापायला कोण येणार?" असं टीम लीडने विचारलं. तेव्हापासून लाल म्हणजे 'इथे यायला नको होता'.

मात्र हसता हसता एक कबूल केलं पाहिजे. ऑर्डरींची यादी उघडायला वेळ का लागतो यावर सगळे सर्व्हरला शिव्या देत होते. डंपरावांनी रे मध्ये क्वेरी दाखवायला सांगितलं. खिडकीत एकाखाली एक तीच क्वेरी, फक्त ग्राहकाचा आयडी बदलत गेलेला. पन्नास ऑर्डरींसाठी एक्कावन्न फेऱ्या. ग्राहक आधीच एकदम मागवून घेतल्यावर दोन उरल्या. सर्व्हरची निर्दोष सुटका झाली.

खरी गंमत पुढे. रे चं पॅकेज बरेच जण फक्त डेव्हलपमेंटपुरतं बसवतात, सर्व्हरवर ते नसतं. डंपरावांची एक ओळ जरी राहिली तरी तिथे असं फंक्शनच नाही म्हणून पीएचपी हात वर करतं आणि ग्राहकाच्या तोंडावर 500 चा एरर येतो. डंपरावांची तर नेहमीच एखादी राहते. स्पाटीला हा स्वभाव माहीत असावा; विसरलेल्या ओळी कोडभर हिंडून हुडकणारं 'एक्स-रे' हे दुसरं साधन त्यांनीच काढलं आहे.

तुमच्या टीममध्ये डंपराव असतील तर हे एक्स-रे प्रत्येक कमिटच्या आधी आपोआप चालेल अशी सोय करून ठेवा. त्यांना आठवण करून देण्याच्या भानगडीत पडू नका. ते "हो, कालच काढलं" म्हणतील.