बाराव्या ओळीतला बग

वहिनी, ओ वहिनी! कपडे राहू द्या दोरीवर, आज काही पाऊस येत नाही. जरा इकडं भिंतीपाशी या. मोठ्यानं बोलायची सोय नाही. हे पडवीत पेपर वाचत बसलेत, आणि विषय त्यांचाच आहे.

तुमच्या लेकीनं, ताईनं, आमच्या घरात काय भानगड करून ठेवलीय, माहितीय का? नाही हो, वाईट नाही. ऐका तर आधी.

शनिवारी संध्याकाळी आमची धाकटी तोंड पाडून बसलेली. म्हटलं, काय गं, मार्क कमी पडले का? तर म्हणते, "आई, बग आहे. दोन दिवस झाले, सापडतच नाही." हे मोरीत हात धूत होते, तिथूनच ओरडले, "कुठल्या ओळीत?" ती म्हणाली, "बाराव्या असेल." झालं! भाकरी ताटात तशीच, बॅटरी उचलली आणि निघाले बागेकडं. मागच्या साली घडांत मिलीबग झाला होता ना, तेव्हापासून तो शब्द कानावर पडला की ह्यांना दम निघत नाही. अर्ध्या तासानं चिखलाचे पाय घेऊन परत. "बारावी ओळ पानन् पान बघितली, एक किडा दिसंना." पोरगी हसून हसून गादीवर लोळली. तिची ओळ कम्प्युटरातली, ह्यांची द्राक्षाची!

बग म्हणजे कम्प्युटरला लिहून दिलेल्या हुकमातली चूक, असं तिनं मग समजावलं. पण खराखुरा किडाही सापडला होता म्हणे एकदा. १९४७ च्या सप्टेंबरात, अमेरिकेत हार्वर्डला. खोलीएवढं यंत्र बंद पडलं, बघतात तर आत पतंग अडकलेला. त्यांनी तो वहीत चिकटपट्टीनं चिकटवला. ती वही अजून संग्रहालयात जपून ठेवलीय. शब्द त्याच्याही आधीचा, पण ग्रेस हॉपर नावाच्या बाईंनी ही गोष्ट सांगून सांगून जगभर केली. हे मी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग मी बॅटरी घेऊन गेलो ते काय चुकलं?"

हे सगळं तुमच्या ओट्यावर ताई रविवारी घेते त्या कम्प्युटर क्लबातलं. मला तर आधी वाटलं, अकरावीतली पोर काय शिकवणार? ना सर, ना फी, ना सर्टिफिकेट. आपल्या वेळी एमएससीआयटी केलं तर निदान कागद तरी हातात मिळायचा. पण भिंतीवरून मी रोज, आपलं ते, दर रविवारी ऐकते. ताईला अडलं की ती सरळ म्हणते, "हे मला पण येत नाही, चला शोधू." असं म्हणणारे मास्तर तुम्हा-आम्हाला भेटले होते का? आणि आठवी-नववीच्या पोरी तिला बिनदिक्कत विचारतात. वर्गात ह्याच पोरींचं तोंड उघडत नाही.

आणि तुमच्या धाकट्याला हाकललं ते मला माहितीय बरं का! पहिल्या रविवारी आला, माऊस धरला, तो दीड तास सोडलाच नाही. "थांब, मी करून दाखवतो." सात पोरी मागं उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. दुसऱ्या रविवारी ताईनं त्याला बाहेर काढला आणि नियमच केला, जिची बारी तिचाच माऊस, बाकीच्यांनी हात मागं बांधायचे. चुकू दे, तोंडानं सांगा, हात लावायचा नाही. लई बेस केलं. घरात कम्प्युटर आला की आपोआप भावाचाच होतो, वहिनी.

धारावीचं सांगितलं का तुम्हाला तिनं? २०१४ च्या सुमारास नवनीत रंजन नावाच्या सिनेमावाल्यानं तिथल्या पोरींना लॅपटॉपसमोर बसवलं. एमआयटीच्या ॲप इन्व्हेंटरवर, पुण्याची नव्हे हो, अमेरिकेतली एमआयटी, रंगीत ठोकळे जोडून पोरींनी मोबाइलची ॲपं बनवली. एक बाईमाणसावर प्रसंग आला तर भोंगा वाजवायचं नि आपल्या माणसांना ठिकाण कळवायचं. आणि एक नळावरच्या रांगेचं, नंबर आला की फोनवर निरोप. मला ते नळाचंच आवडलं. हंड्यापायी आपण दोघी पंधरा दिवस बोलत नव्हतो, आठवतं ना?

तर आमच्या धाकटीला ताईनं सांगितलं, प्रोग्रॅम करायला घरचं काहीतरी घे. तिनं टोमॅटो घेतला. आपल्याकडं दुसरं काय आठवणार? २०२३ ला पावसाळ्यात कॅरेट दोन हजारांच्या घरात गेलं आणि गणपतीत शंभराच्या आसपास आलं. तेव्हापासून घरात सगळ्यांना भाव तोंडपाठ. तर तिच्या प्रोग्रॅमात कॅरेट किती, भाव काय, हमाली-तोलाई किती, भाडं किती, एवढं भरलं की हातात किती यायला पाहिजे ते तो दाखवतो. गुरुवारी हे मार्केटवरून आले, मिशीला पीळ देत म्हणाले, "७२ कॅरेट, ३१० नं गेलं!" पोरीनं भरलं. रोख मोजली तर १८२० रुपये कमी.

तिला वाटलं बग. दोन दिवस बाराव्या ओळीशी झटली, तीच गुणाकाराची ओळ. रविवारी ताईनं बघितलं आणि म्हणाली, "ओळ बरोबर आहे गं. माहिती कुणी दिली?"

पोरीनं घरी येऊन गुपचूप ह्यांच्या बंडीच्या खिशातली पट्टी काढली. ५८ कॅरेट ३१० नं, आणि १४ कॅरेट दोन नंबर माल, १८० नं! मोठेपणा सांगताना ते १४ गिळले होते. मी आपली दोन दिवस मनात त्या व्यापाऱ्याचा उद्धार करत होते.

ह्यांना काही बोलले नाही. पण आता तो प्रोग्रॅम आधीच विचारतो, "दोन नंबर माल किती?" परवा पोरगी पुढ्यात घेऊन बसली. हे छताकडं बघत म्हणाले, "लिही, ११."

अगं बाई, पेपर खाली ठेवला वाटतं. आले, आले हो! वहिनी, चार काड्या कढीपत्त्याच्या द्या पटकन, त्यालाच आले होते म्हणून सांगते.