संकष्टीला सँटोरिनी

खासगी बोट ही कल्पना मराठी माणसाच्या पचनी पडायला वेळ लागतो. पैसे भरणं एक वेळ जमतं, पण बारा जणांच्या बोटीत पाच जण बसतात आणि ती निघते, हे डोळ्यांनी बघवत नाही. साताऱ्या-कोल्हापूरकडे ज्यांनी वडापच्या जीपमधून अर्ध्या मांडीवर प्रवास केलेला आहे, त्यांना रिकामी जागा टोचतेच. आमचे साडू मालवणचे. पण नोकरी सगळी कोल्हापुरात झाली. त्यांनी सँटोरिनीतल्या व्लिखाडाच्या धक्क्यावर पाय ठेवताच कॅप्टनला पहिला प्रश्न केला, तो म्हणजे वाटेत कुणी हात केला तर घ्यायचं का.

"सर, बोट प्रायव्हेट आहे," कॅप्टन म्हणाला.

"ते झालंच हो. पण जागा आहे."

बोटीत आम्ही दोघं, साडू आणि मेहुणी, आणि माझी आत्या. आत्या निवृत्त भूगोल शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. फळ्यावर रंगीत खडूंनी ज्वालामुखीचा उभा छेद काढण्यात तिची हयात गेली. खरा बघायचा राहिला होता. आणि नेमकी त्या दिवशी संकष्टी होती. हे बोटीचं बुकिंग झाल्यावर कळलं, कारण बुकिंग मेहुणीने मोबाइलवर केलं आणि कालनिर्णय ठाण्याच्या स्वयंपाकघरात टांगलेलं होतं.

बोट सुटली तशी आत्याने कॅप्टनची तोंडी परीक्षा सुरू केली.

"ज्वालामुखीचे प्रकार तीन. जागृत, निद्रिस्त आणि मृत. तुमचा कुठला?"

मी भाषांतर केलं. कॅप्टनने बराच विचार करून 'झोपलाय' असं सांगितलं.

"चूक. १९५० साली शेवटचा उद्रेक, आणि अजून वाफा येतात. म्हणजे जागृत." कॅप्टनचे अर्धे गुण तिथेच गेले. बिचारा आयुष्यभर त्याच ज्वालामुखीवर पोट भरत होता.

सँटोरिनी हे एक बेट नव्हे, एका बेटाचे उरलेले तुकडे आहेत. साधारण ३६०० वर्षांपूर्वी इथे असा उद्रेक झाला की मधला भाग खाली बसला आणि समुद्र आत शिरला. पूर्वेला चंद्रकोरीच्या आकाराचं थिरा राहिलं, पश्चिमेला थिरासिया, नैऋत्येला अस्प्रोनिसी नावाचा एक पांढुरका ठिपका. मध्ये जे पाणी आहे तो कॅल्डेरा. कडे तीनशे मीटर उंच आणि त्यांच्या पायथ्याचं पाणी जवळजवळ चारशे मीटर खोल. मोठमोठ्या क्रूझ इथे येतात, पण नांगर टाकायला तळच हाताशी लागत नाही.

दक्षिण किनाऱ्याने जाताना कॅप्टनने वर बोट केलं. तिकडे अक्रोतिरी, राखेखाली गाडलेलं गाव. मारिनातोस नावाच्या पुरातत्त्वज्ञाने १९६७ साली तिथे खणायला घेतलं. दुमजली घरं निघाली, रंगीत भित्तिचित्रं निघाली, पण उद्रेकात सापडलेल्या माणसांचे सांगाडे निघाले नाहीत. लोक आधीच सावध झाले आणि मौल्यवान चीजवस्तू घेऊन निघून गेले, असं मानतात.

"एवढं सगळं आवरून निघायचं," आमची सौ. म्हणाली, "म्हणजे बायकांना किती वाजता उठावं लागलं असेल!"

इतिहासाच्या पुस्तकांत हा मुद्दा मला कुठेही आढळलेला नाही.

रेड बीच आला. तांबडा कडा, खाली तांबडी-काळी वाळू, दरड कोसळण्याचा इशारा देणाऱ्या पाट्या आणि त्या दरडीखालीच टॉवेल पसरून पहुडलेली माणसं. मग व्हाइट बीच. आत्याने लोहाच्या ऑक्साइडवर चार वाक्यं सांगितली आणि मग मनातलं बोलली, "इथे एक डोंगर फुटला म्हणून जग बघायला येतं. आपला सगळा सह्याद्री लाव्हाचा. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा, थरावर थर. त्याच्यावर आपण घाटात गाडी थांबवून कणीस खातो आणि पुढे जातो."

दीपगृहाला वळसा घातल्यावर कॅप्टनचा चेहरा खुलला. एका कड्याकडे हात करून तो अभिमानाने म्हणाला, "इंडियन!" कड्याचा आकार माणसाच्या चेहऱ्यासारखा आहे आणि तिथले सगळे बोटवाले त्याला इंडियन रॉक म्हणतात. त्यांच्या मनातला इंडियन अमेरिकेतला, पिसांची टोपी घालणारा. पण आमच्या बोटीने तो चेहरा ताबडतोब आपल्यात घेतला. मेहुणीला तो तिच्या चुलतसासऱ्यांसारखा दिसला. साडूंना नाकावरून देशस्थ वाटला. कॅप्टनने इतक्या बारकाईने तो खडक पाहणारे प्रवासी याआधी पाहिले नसावेत.

खरा इंडियन मला आठवत होता. कॅप्टन निमो. ज्युल्स व्हर्नची 'नॉटिलस' सँटोरिनीच्या पाण्यातून जाते, तो प्रसंग १८६६ च्या उद्रेकावर बेतलेला आहे. पाणबुडीभोवती समुद्र उकळतो, गंधकाचा वास आत शिरतो, पाणी लोहाच्या क्षाराने लाल होतं. आणि निमो कोण, हे व्हर्नने नंतरच्या कादंबरीत उघड केलं : बुंदेलखंडाचा राजपुत्र, १८५७ च्या लढ्यातला. भा. रा. भागवतांच्या कृपेने ज्या मराठी पोरांनी व्हर्न वाचला, त्यांना हे पाठ असतं. म्हणजे सँटोरिनीला खासगी बोटीने चक्कर मारणारा पहिला भारतीय आमच्या दीडशे वर्षं आधी येऊन गेला होता.

"एकटाच?" साडूंनी विचारलं. "एवढ्या मोठ्या पाणबुडीत?"

मधल्या काळ्या बेटांपाशी पोचलो, तेव्हा खासगीपणाचा अर्थ कळायला लागला. पालिया कामेनी या बेटाच्या एका खाचेत गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्या दिवशी खासगी बोट घेतलेला झाडून सगळा युरोप तिथे जमला होता. प्रत्येक बोटीवर खासगी गाणी लागली होती. आम्हाला एकाच वेळी तीन ऐकू येत होती.

झऱ्यापर्यंत बोट जात नाही. अलीकडे नांगर टाकतात आणि तुम्ही थंडगार समुद्रात उडी मारून पोहत त्या खाचेत जायचं. साडू मालवणी माणूस, कपडे काढून तयारच. अंगात मात्र पांढरंशुभ्र बनियन. "डाग पडतील," कॅप्टन म्हणाला. साडूंना वाटलं, हा नवीन स्विमिंग सूट विकायला बघतोय. त्यांनी तशीच उडी घेतली.

खाचेतलं पाणी गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं, वर पिवळट तवंग, तळाला मऊ चिखल, एका कडेला छोटंसं पांढरं चर्च आणि गंधकाचा वास. वज्रेश्वरीची सवय असलेल्या माणसाला हे गरम म्हणणं जिवावर येईल. कोमटच. तरी थंड समुद्रातून आल्यावर एकदम उबदार वाटतं आणि आजूबाजूचे नॉर्वेजियन तर 'आहा' म्हणत डोळे मिटून पडले होते. साडू परत आले तेव्हा बनियन नागपुरी संत्र्याच्या रंगाचं झालं होतं. तो रंग पुढे कुठल्याच साबणाला बधला नाही. ठाण्याला मेहुणीने त्याची फरशीची फडकी केली, त्यांच्यावरही आहे.

शेजारचं निआ कामेनी हे त्याहून नवं. १७०७ साली ते समुद्रातून वर आलं, तेव्हा लोकांना आधी वाटलं, एखादं गलबत फुटून तरंगतंय. काही जण होडीने बघायला गेले. पाहतात तो खडक, आणि खडकाला कालवं चिकटलेली. ती काढायला ते थांबले. मग पायाखालची जमीन हलायला लागली, तसे पळाले. हे ऐकून साडू गहिवरले.

"माझ्या आजीन पण थांबूनच कालवां काढली असती," ते म्हणाले. "ज्वालामुखी रोज येता. एवढी ताजी कालवां रोज गावतत?"

कॅप्टनने मग अलीकडची गोष्ट सांगितली. २०२५ च्या फेब्रुवारीत इथे हजारो धक्के बसले, शाळा बंद झाल्या, दहा हजारांवर माणसं बेट सोडून गेली. "बुकिंग रद्द करणारे समजू शकतो," तो म्हणाला. "पण त्या आठवड्यात फोन करून 'आता दर उतरले का' विचारणारेही होते." साडूंनी एकदम क्षितिजाकडे बघायला सुरुवात केली.

आणि मग जेवण आलं. बोटीच्या मागच्या बाजूला शेगडी पेटली. आत्याचा उपास आहे हे मी कॅप्टनला समजावलं, चंद्र उगवेपर्यंत. त्याने हात छातीशी नेला. "आमच्यातही असतो. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांवर. शिवाय बुधवार आणि शुक्रवार. मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणी नाही, मासा नाही."

"दूधही नाही?" आत्याला आदर वाटला. "कडक आहे हो." कॅप्टनचे गेलेले गुण परत मिळाले.

"पण कोळंबी चालते," कॅप्टन म्हणाला.

बोटीवर शांतता पसरली. "माकूल, ऑक्टोपसही. त्यांच्यात रक्त नसतं, असं धरतात," असं म्हणत त्याने भाजलेल्या कोळंबीची थाळी आदराने आत्यासमोर ठेवली.

"ह्यो धर्म माका आवाडलो," साडू म्हणाले.

आत्याने थाळी साडूंकडे सरकवली आणि पिशवीतून राजगिऱ्याचे लाडू काढले. साडू ऐकेनात. त्यांचं म्हणणं, उपासाच्या ताटात आपलं आहे काय? बटाटा पेरूकडचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो टॅपिओकाही ब्राझीलचा. आत्यानेच हे शाळेत शिकवलेलं. सात समुद्रांपलीकडचा बटाटा चालतो, तर बोटीतून समोर दिसणाऱ्या समुद्रातली कोळंबी का नको?

"बटाट्याला डोळे असतात," आत्या म्हणाली. "मिशा नसतात."

वाद संपला. कॅप्टनने दोन लाडू खाल्ले आणि तिसरा घरच्यांसाठी कागदात बांधून घेतला.

थिरासियाजवळून जाताना कड्यात खाणींच्या जुन्या खाचा दिसतात. इथली ज्वालामुखीची माती चुन्यात कालवली की पाण्याखालीही घट्ट होते. सुएझ कालव्याच्या कामासाठी १८६० च्या दशकात ती इथून जहाजं भरभरून गेली. पुढे मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या आपल्या बॅरिस्टरांचे दिवस वाचले, ते थोडेसे या राखेमुळे. थिराच्या बाजूला फिराचा जुना धक्का, त्यावरून वर चढणाऱ्या ५८८ पायऱ्या, गाढवं आणि १९७९ पासून केबल कार. बोटीतून सगळं बघितलं, हे उत्तम झालं.

साडेसातला फोन वाजला. ठाण्याहून भाचा. "आत्याआजी, चंद्रोदय झाला. उपास सोडा."

"बघितलास?"

"छे, धो धो पाऊस आहे. कालनिर्णयात बघितला."

इथे सूर्य अजून चांगला वर होता. साडूंनी बाजू मांडली की आपण भारतीय आहोत, व्रत भारतीय, तेव्हा वेळही भारतीय. आत्याने बोटीच्या गादीवर बोटाने पृथ्वी काढली. मुंबई ७३ अंश पूर्व, हे २५. फरक ४८. अंशाला चार मिनिटं. तीन तास बारा मिनिटं. वर अक्षांशाचं वेगळं. "चंद्र इथे अकराच्या सुमारास. ज्या आकाशाखाली आपण, त्याच आकाशाचा चंद्र."

तोवर आमची बोट ईयाच्या कड्याखाली जाऊन इतर सगळ्या खासगी बोटींच्या रांगेत उभी राहिली. सूर्यास्त बघण्याचा हा जगप्रसिद्ध कार्यक्रम. वर पडक्या किल्ल्यावर मुंगीला शिरायला वाव नाही, खाली पाण्यात बोटींची दाटी. साडेआठनंतर सूर्य समुद्रात बुडाला आणि वरून, खालून टाळ्यांचा कडकडाट झाला.

"टाळ्या त्याला कशाला?" आत्या म्हणाली. "फिरलो आपण." तरी तिने हात जोडले. आणि साडूंनी, शेजारच्या बोटीत दाटीवाटीने उभ्या असलेल्या एका बंगाली कुटुंबाला, आमच्याकडे जागा आहे, या, असं हिंदीतून सांगायला सुरुवात केली. कॅप्टनने इंजिन चालू केलं.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. सँटोरिनीत कॅल्डेराकडे तोंड असलेल्या खोल्या पश्चिमेच्या असतात, सूर्यास्त दाखवतात आणि त्याचे पैसे घेतात. साडूंनी दर बघून पूर्व किनाऱ्यावर कामारीला खोल्या घेतल्या होत्या, आणि त्यावरून त्यांना पहिल्या दिवसापासून बोलणी खावी लागत होती. अकराला आत्याने त्याच गच्चीवरून समुद्रातून वर येणारा तांबूस चंद्र बघितला, अर्घ्य दिलं आणि दहीभात खाल्ला. ईयातल्या महागड्या खोल्यांतून त्या वेळी पाठीमागची भिंत दिसते. तेव्हा घरात कुणी संकष्टी करत असेल तर बोट हवी तर खासगी घ्या, पण खोली पूर्वेचीच घ्या. आणि बनियन गडद रंगाचं.