बापाचे 33, लेकाचे 33

2015 हे साल सरकारी टक्केवारीच्या इतिहासात सोनेरी अक्षरांनी लिहायला हवं. त्या वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ठरवलं, की शेतकऱ्याचं पीक 50 टक्के बुडायची वाट बघायची नाही, 33 टक्के बुडालं तरी मदत द्यायची. पुढच्याच महिन्यात त्याच सरकारनं ठरवलं, की यूपीएससीच्या पूर्व परीक्षेतल्या सीसॅटला, म्हणजे गणित, बुद्धिमत्ता आणि उताऱ्यांच्या पेपरला, 33 टक्के पडले की पुरे. ते गुण मेरिटला धरायचे नाहीत. एमपीएससीला हे पटायला 2022 उजाडलं, पण पटलं. तेव्हापासून तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटसारख्या गावात एकाच घरात दोन उमेदवार नांदतात. बापाला 33 टक्के नुकसान दाखवायचं असतं, लेकाला 33 टक्के हुशारी. आणि दोघांचाही पेपर तपासणार सरकारच.

(जळकोट म्हटलं की लोकांना लातूर जिल्ह्यातला तालुका आठवतो. तो नव्हे. हे धाराशिव जिल्ह्यातलं, सोलापूर-हैदराबाद हायवेवर नळदुर्ग ओलांडलं की लागणारं. आपण कुठले, हे सांगताना आमच्याकडच्या पोराला इथूनच पर्याय खोडत यावं लागतं.)

2025 च्या सप्टेंबरात तर बाप-लेकांचा पेपर एकाच पावसानं फोडला. धाराशिव जिल्हा पाण्याखाली गेला, उभं सोयाबीन काळं पडलं. राज्यसेवा पूर्व 28 सप्टेंबरला होती, ती आयोगानं 9 नोव्हेंबरवर ढकलली. लेकाला अभ्यासाला सहा आठवडे जास्तीचे मिळाले. बापालाही मिळाले, पंचनाम्याची वाट बघायला.

आता हा पेपर काय आहे ते बघू, कारण 'सीसॅट काय, नुसता क्वालिफाइंग आहे' हे वाक्य ऐकून ऐकून अभ्यासिकेच्या भिंतींनाही पाठ झालं असेल. पोरं पहिल्या पेपरसाठी लक्ष्मीकांत कोळून पितात. कोळंबे, सवदी, जयसिंगराव पवार, सगळ्यांच्या पुस्तकांना तीन-तीन रंगांच्या रेघा. भारताचे महान्यायवादी कोणत्या कलमात बसतात हे झोपेतून उठवून विचारा, 76 म्हणून पुन्हा कुशीवर वळतील. सीसॅटचं पुस्तक मात्र कोरं करकरीत. ते शेवटच्या पंधरा दिवसांत 'बघून घ्यायचं' असतं.

आणि मग ते पुस्तकच आपल्याला बघून घेतं. 80 प्रश्न, 200 गुण, दोन तास. एका प्रश्नाला अडीच गुण आणि दीड मिनिट. 33 टक्के म्हणजे 66 गुण. 27 प्रश्न बरोबर आले की साडेसदुसष्ट होतात, गंगेत घोडं न्हालं. पण चुकीच्या उत्तराला पाव हिस्सा कापला जातो. समजा 30 बरोबर आले आणि 20 चुकले: 75 वजा साडेबारा, राहिले साडेबासष्ट. नापास. तीस बरोबर सोडवणारा घरी आणि सत्तावीस सोडवून पेन खिशाला लावून बसलेला पुढच्या यादीत. या पेपरातलं सगळ्यात अवघड गणित पेपरात छापलेलंच नसतं. कुठला प्रश्न सोडून द्यायचा, हे ते गणित. ते कुठल्याही क्लासच्या नोट्समध्ये नीट येत नाही, कारण सोडून द्यायला शिकवायची फी कुठल्या तोंडानं घेणार?

निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना मात्र उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. पुढं आयुष्यभर साहेब म्हणून काय अनुभव येणार आहे, याची आयोगानं आधीच कल्पना देऊन ठेवलेली बरी.

सराव कसा चालतो, तेही एकदा जवळून बघण्यासारखं आहे. अभ्यासिकेत मोबाइलवर वेळ लावलेली. समोर प्रश्न: एक नळ टाकी 6 तासांत भरतो, दुसरा ती 8 तासांत रिकामी करतो, दोन्ही एकदम सोडले तर टाकी किती तासांत भरेल? पोरगं 6 आणि 8 चा लसावि काढतं, 24 लिहितं, उत्तरही 24 तास येतं. मराठवाड्यातल्या पोराला रिकामी करणाऱ्या दुसऱ्या नळाचं नवल नाही; तो आम्ही बघितलेला आहे. पहिला नळ सलग सहा तास चालतो, हे मात्र त्यानं परीक्षेपुरतं खरं मानलेलं असतं. पुढचा प्रश्न: 150 मीटर लांबीची गाडी ताशी 54 किलोमीटर वेगानं जाते, 300 मीटरचा पूल किती सेकंदांत ओलांडेल? तीस सेकंद. तोंडी. जळकोटच्या माणसाला रेल्वे बघायची तर सोलापूर गाठावं लागतं. तुळजापूरवरून धाराशिवला जाणारी नवी लाइन मंजूर झाली, तिचं काम सुरू झालं. गाडीला पूल ओलांडायला किती सेकंद लागतात हे सिलॅबसमध्ये आहे. पूल व्हायला किती वर्षं लागतात, हे नाही.

हेच पोरगं घरी जातं, तेव्हा ओसरीवर बाप मदतीचा हिशेब करत असतो. जिरायतीला हेक्टरी साडेआठ हजार. हेक्टर म्हणजे धरून चाला शंभर गुंठे. गुंठ्याला पंच्याऐंशी. एकराला चाळीस गुंठे, चौतीसशे. आपलं सव्वा एकर, बेचाळीसशे पन्नास. बियाणं, खत, फवारणी, काढणीची मजुरी एका बाजूला आणि हे बेचाळीसशे पन्नास दुसऱ्या बाजूला ठेवून बापानं उत्तर काढलेलंसुद्धा असतं, आणि पोरगं अजून मोबाइलात कॅल्क्युलेटर शोधत असतं. थोरला आजा तर त्याहून वरचढ. त्याला पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ. आता बघा, नातवाच्या पेपरात प्रश्नाला गुण नेमके अडीच. अडीचकी येणारा माणूस पेपर सोडवता सोडवता आपला निकाल काढत गेला असता. पण शाळेनं अडीचकी बंद केली आणि तिच्या जागी नेमकं काय आणलं, ते सांगायचं राहून गेलं.

गणिताचं एक वेळ निभावतं. खरा घाम फुटतो तो इंग्रजी उताऱ्याला. आयोगाचे बहुतेक उतारे मराठी-इंग्रजी दोन्हीत असतात, पण काही निव्वळ इंग्रजीत. तिथं मराठीच्या बाजूला सरकायला जागा नाही. ओसरीवरून बाप विचारतो:

'काय वाचायलास रं?'

'पॅसेज, अण्णा.'

'कशाचा हाय?'

'पेंग्विनचा.'

'मग उत्तर त्यातच लिहिलेलं असंल की.'

'लिहिलेलं असतंय. सापडत नाही.'

'पंचनाम्यात बी तसंच असतंय,' म्हणून अण्णा तंबाखू मळायला घेतात.

अण्णांचं निदान बरोबर आहे. पोराला अवघड शब्द अडत नाहीत. टेलिग्रामवरच्या 'आजचे दहा शब्द' मधून त्यानं एकदम दांडगे शब्द गोळा केलेत. त्याला अडतात ते चिल्लर शब्द: ऑलदो, अनलेस, हाऊएव्हर, रादर. वाक्य कुठं वळलं हे त्या चिल्लरीत असतं. पोरगं वाक्यातला एकेक शब्द उचलून मराठीत ठेवत जातं, पेंग्विन, बर्फ, तापमान, अंडी, सगळं नीट रचून ठेवतं, आणि वळण मागंच राहतं. मग खाली पर्याय येतात: फक्त विधान 1, फक्त 2, दोन्ही, दोन्ही नाही. लेखकाच्या मते पुढीलपैकी कोणतं विधान चुकीचं नाही? लेखक असता तर तोही पाव हिस्सा घालवून बसला असता.

यावर उपाय साधा आहे आणि फुकट आहे, म्हणून कुणी सांगत नाही. रोज एक पान इंग्रजी वाचायचं, शब्दकोश न उघडता. ते पान घरातच असतं. कीटकनाशकाच्या बाटलीला घडी घालून चिकटवलेला कागद, बँकेनं पाठवलेलं कर्जाचं पत्र, विमा कंपनीच्या अटी. एक रुपयातला पीक विमा 2023 च्या खरिपात आला आणि 2025 मध्ये गेला. तेवढ्या काळात अटी कुणी वाचल्या असत्या, तर उताऱ्याचा सराव झाला असता आणि नुकसानीची तक्रार 72 तासांत करायची असते हेही वेळेवर कळलं असतं. पण त्या कागदावर 'सीसॅट' असं छापलेलं नसतं. तेच कागद गोळा करून पिवळं मुखपृष्ठ घातलं आणि साडेतीनशे रुपये किंमत लावली, तर पहिली आवृत्ती दिवाळीच्या आत संपेल.

आमच्या भागाला परक्या भाषेतला पेपर नवा नाही. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. 1918 ला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं, आणि ज्यांच्या नावानं ते निघालं त्यांच्याच नावानं आमचा जिल्हा परवापर्यंत उस्मानाबाद होता. थोरल्या आज्याच्या वेळी 'पोरगं उर्दू वाचतंय' म्हटलं की गावात वजन होतं. 1948 ला निजाम गेला, उर्दूचं वजन गेलं. पण 2023 ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती आली, दफ्तरं उघडली, आणि आत उर्दू अन् मोडी बघून सरकारला ती वाचणारे शोधत फिरावं लागलं. म्हणजे आज्याचा पॅसेज पंचाहत्तर वर्षांनी तपासायला निघाला.

बरं, इंग्रजीला तरी परकी कसं म्हणायचं? 2000 सालापासून ती आपल्याकडं पहिलीपासून आहे. आज पंचविशीतलं पोरगं बी.ए. होईपर्यंत पंधरा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. सीसॅटची पातळी म्हणे दहावी-बारावीची. मग पदवीधराला दहावीच्या पेपरसाठी पुण्याला सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर का राहावं लागतं? उत्तर त्याच्या दहावीच्या मार्कमेमोत आहे. तिन्ही भाषांत मिळून 105 आणि प्रत्येकीत किमान 25 असले की पोरगं पास. मराठीनं हात दिला, हिंदीनं ढकललं, इंग्रजी 26 वर पैलतीरी. गणित आणि विज्ञानाची जोडी अशीच: दोघांत मिळून 70, एकात 25 असले तरी चालतील. शाळेला पास करायचं होतं, तिनं केलं. तेव्हा पेढे वाटणारे आपणच. आठ-दहा वर्षांनी आयोगानं नुसतं विचारलं, की ते 25 नेमके कशाचे होते?

सीसॅट अन्यायकारक आहे अशी ओरड 2013 मध्ये हा पेपर आयोगानं आणला तेव्हापासून होती, आणि तिच्यात तथ्य होतं. इंजिनिअर पोरं हसत हसत दीडशे गुण घेऊन जायची आणि खेड्यातलं बी.ए. झालेलं पोरगं इतिहासात अव्वल असूनही मागं पडायचं. म्हणून तर 33 टक्क्यांची तडजोड झाली. आंदोलनं झाली, निवेदनं गेली, नेते येऊन बसले, पेपर क्वालिफाइंग झाला. पण जळकोटच्या शाळेत गणिताला आणि इंग्रजीला नीट मास्तर द्या, म्हणून पुण्यात शास्त्री रोडवर रात्रभर बसलेलं कुणी माझ्या तरी ऐकिवात नाही. टक्का उतरवून घेणं सोपं, फळ्यासमोर माणूस उभा करणं महाग.

सीसॅटला साडेबासष्टवर अडकलेलं पोरगं मग तलाठ्याचा फॉर्म भरतं. साहेबाची खुर्ची नाही तर नाही, बापाचा पंचनामा तरी आपल्या हातानं करू. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा, अर्ज दहा लाखांवर. खुल्या गटाला फी हजार रुपये, बाकीच्यांना नऊशे. नुसत्या फीचा आकडा किती होतो, हा शेकडेवारीच्या प्रकरणातला चांगला सरावप्रश्न आहे, क्लासवाल्यांनी घ्यावा. पेपर 200 गुणांचा. त्यातही इंग्रजी आहे, त्यातही अंकगणित आहे. निकाल लागला तेव्हा वरच्या नावापुढं गुण होते 214. दोनशेपैकी. टक्केवारी 107. वेगवेगळ्या सत्रांतल्या पेपरांची काठिण्यपातळी सारखी करायला नॉर्मलायझेशन केलं, म्हणून असं दिसतं, असा खुलासा झाला, आणि संख्याशास्त्रानुसार तो चूक नाही. फक्त शेकडेवारीत शंभराच्या वर उत्तर आलं तर गणित पुन्हा तपासून बघा, असं चौथीच्या मास्तरांनी ज्यांना बजावलं होतं, त्यांची त्या दिवशी पंचाईत झाली.

यापुढं तर आणखी सोय होणार आहे. दहावीला गणित आणि विज्ञानात 35 ऐवजी 20 गुणांवर पोराला पुढं पाठवायचं, मार्कमेमोवर फक्त शेरा मारायचा की याला पुढं गणित-विज्ञानाच्या वाटेला जाता येणार नाही, असा प्रस्ताव राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात 2024 ला आला. शाळा 20 वर सोडणार, आयोग 33 वर उभा राहणार. मधल्या 13 टक्क्यांसाठी पुण्यात नवी 'फाउंडेशन बॅच' निघेल. फी जीएसटीसह, हप्त्यानं चालेल, पहिला हप्ता बापाची मदत खात्यावर जमा झाली की.